भाच्याने पेपर टाकले आणि आजोबांची पत्र्याची पेटी

भाच्याने परत पेपर टाकले. म्हणजे राजीनामा दिला, आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत. वय चोवीस, दुसरी नोकरी, तेरा महिने झाले होते फक्त. रविवारी बाबांकडे भोसरीला सगळे जेवायला जमलो होतो, मटण होतं, आणि रस्सा वाढता वाढता ताईच्या तोंडून ते निसटलं. झालं. बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"किती महिने झाले रे?"

"तेरा."

"तेरा महिन्यात तर आम्हाला मशीनचा नुसता आवाज कळायला लागायचा."

मग पुढचा अर्धा तास जे झालं ते तुमच्या घरी पण झालेलं असणार. हल्लीची पोरं टिकत नाहीत, चिकाटी नाही, जरा साहेब बोलला की चालले, आम्ही सव्वीस वर्षं एका गेटमधून आत गेलो, आणि माझ्या वडलांनी तर उभं आयुष्य एका गिरणीत काढलं. भाचा बिचारा मान खाली घालून नळी चोखत होता. मी पण गप्प होते कारण माझ्या स्वतःच्या एकोणीस-वीस वर्षांत सहा कंपन्या झाल्यात आणि माझ्यावर येऊ नये म्हणून मी कांद्यात लिंबू पिळत बसले.

पण ते "उभं आयुष्य एका गिरणीत" मला टोचत राहिलं. कारण मला आजोबांची पेटी माहितीये.

ही पेटी म्हणजे पत्र्याची हिरवी ट्रंक. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज मागवले होते तेव्हा ती खाली काढली होती. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामगार गिरणीच्या पटावर होता त्याला किंवा त्याच्या वारसाला अर्ज करता येत होता, आणि पुरावा म्हणून तिकीट नंबरचा पास, लाल पास, पीएफ नंबर, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, हजेरीपत्रक असलं काहीतरी लागत होतं. ज्यांच्या घरी हे कागद उंदरांनी खाल्ले त्यांचं काय झालं असेल देव जाणे. आमच्याकडे आजोबांनी सगळं जपून ठेवलेलं होतं, तेलाच्या पिशवीत गुंडाळून, वर सुतळी. तेव्हा मी सोबत होते, झेरॉक्स काढायला. आणि त्या पिशवीत एक नाही, चार पास निघाले होते. चार वेगवेगळ्या गिरण्यांचे.

बाबांना तेव्हा फक्त शेवटचा हवा होता, १९५८ चा, परमनंटचा. बाकीचे तीन त्यांनी परत पिशवीत घातले आणि विसरले. मी नाही विसरले. जेवण झाल्यावर मी माळ्यावर चढले आणि ती पेटी खाली घेतली, आईने शिव्या दिल्या कारण माळा नुकताच झाडला होता.

आता थोडं गिरणीबद्दल सांगते, कारण आपल्याकडे "गिरणी कामगार" म्हणलं की एकदम संप आणि लालबाग आणि डोळ्यात पाणी, मधलं सगळं गायब होतं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ ला ती सुरू झाली. तिथपासून कितीतरी दशकं गिरणीत "नोकरी" अशी नव्हतीच, असायचं ते आजचं काम. सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, बाहेर यायचा, ज्या खात्यात आज माणसं कमी आहेत तिथे घ्यायचा, बाकीचे घरी. जॉबरला दस्तुरी, म्हणजे त्याचा हप्ता, द्यावी लागायची, नाहीतर तुमचा चेहरा त्याला दिसायचाच नाही. १९३१ मध्ये इंग्रजांच्या रॉयल कमिशनने कामगारांवर जो मोठा रिपोर्ट दिला त्यात या जॉबरशाहीवर भरपूर झोड उठवलेली आहे. पुढे १९३५ पासून बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतात त्यांना, कार्ड द्यायला लागले, म्हणजे निदान ज्याच्याकडे कार्ड आहे त्यालाच आधी घ्यायचं असं काहीतरी बंधन आलं. पण बदली तो बदलीच. महिन्यातले पंधरा दिवस काम लागलं तर नशीब. आणि सुगीला माणसं गावाला जायची, दीड-दोन महिने, परत येईपर्यंत जागा गेलेली, मग दुसरी गिरणी.

आजोबा पाटण तालुक्यातले. १९४७ ला मुंबईला आले, वीस वर्षांचे होते. पहिला पास त्याच साली. दुसरा १९५०, तिसरा १९५३, चौथा १९५८. फोटोत पहिल्या पासवर गाल बसलेला पोरगा आहे आणि चौथ्यावर मिशीवाला माणूस. खातं मात्र सगळीकडे तेच, साचेखातं, म्हणजे मागांचं खातं. म्हणजे अकरा वर्षं माणूस बदलीवर होता, आणि हे फक्त ज्यांचे पास उरलेत तेवढंच, मधे कुठे कुठे गेटवर उभा राहिला असेल त्याचा हिशोबच नाही. भाच्याच्या वयाला आजोबा दुसऱ्या गिरणीत होते!! मी ते पास बाबांच्या समोर टीपॉयवर मांडले. पत्ते मांडतात तसे.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ते बदली होते गं. ती काय नोकरी नव्हे."

बरं. मग भाच्याची पहिली, जिथे अकरा महिने "प्रोबेशन"च चालू होतं, ती तरी नोकरी कशी?

आणि आजी? हे लिहिताना लक्षात आलं की आजीबद्दल आमच्या घरात कोणी कधी "इतकी वर्षं सर्व्हिस" असं म्हणलंच नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती खानावळ चालवायची. चौदा माणसं, गावाकडची, गाळ्यात राहणारी, तीन पाळ्यांत काम करणारी, म्हणजे पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे आणि दुसऱ्या पाळीवाल्याचं ताट रात्री साडेबाराला. महिन्याच्या महिन्याला पैसे, तेही गिरणीत काम लागलं तर, नाहीतर "वहिनी पुढच्या पगाराला". १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तोपर्यंत या बायका किराणावाल्याच्या आणि सावकाराच्या उधारीवरच चालवत होत्या. आमच्या आजीने जवळपास तीस वर्षं हे केलं, न बदलता, त्याच चुलीवर आणि नंतर त्याच स्टोव्हवर. आमच्या घरातली सगळ्यात जास्त टिकलेली कर्मचारी तीच. पास नाही, पीएफ नाही, घड्याळ नाही.

घड्याळ म्हणजे बाबांचं. पंचवीस वर्षं सर्व्हिस झाली म्हणून कंपनीने दिलेलं, अजून शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट आहे. बाबा आयटीआय करून १९७६ ला पिंपरीकडे आले कारण आजोबांनी सरळ सांगितलं होतं की तू गिरणीत पाय ठेवायचा नाहीस. वर्षभर अप्रेंटिस, १९७७ ला परमनंट. तेव्हा तिकडे असंच वातावरण होतं, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच, मग टेल्को (आताची टाटा मोटर्स), आकुर्डीला बजाज, आणि त्यांच्या जिवावर शेकडो छोटे वर्कशॉप. ज्याला मोठ्या कंपनीचा पास मिळाला त्याचं लग्न जमलं असं समजायचं. मुलगा काय करतो म्हणलं की खात्याचं नाव नाही सांगायचे, कंपनीचं नाव सांगायचे, बास.

आता इथे माझा मुद्दा येतो. बाबा जे सव्वीस वर्षं टिकले ते काय त्यांच्या रक्तात जास्त चिकाटी होती म्हणून? माझे बाबा गणपतीत आरास अर्धवट सोडून देणारे आहेत, विचारा आईला. ते टिकले कारण टिकण्यात फायदा होता, आणि तो फायदा कायद्याने आणि युनियनने त्यांच्या पिढीच्या ओंजळीत टाकला होता. बघा की. १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ ला ईएसआय, १९५२ ला पीएफ, १९७२ ला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सर्व्हिसच्या वर्षांवर कंपनी देते ती रक्कम. पंचवीस-सव्वीस वर्षांत हे सगळं आलं. म्हणजे आजोबा गेटवर उभे होते तेव्हा यातलं बरंचसं नव्हतं किंवा नुकतं नुकतं कागदावर आलं होतं, आणि बाबा गेटमधून आत शिरले तेव्हा सगळं तयार ताटात.

ग्रॅच्युइटीचं गणित बाबा अजून तोंडावर सांगतात. शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले किती वर्षं ते. बाबांची सर्व्हिस सव्वीस वर्षं, त्यामुळे सव्वीसने भागायचं आणि सव्वीसने गुणायचं, म्हणजे सरळ पंधरा पगार. ९,४०० रुपये शेवटचा पगार, १ लाख ४१ हजार. आता समजा बाबांनी बरोबर मधे, तेरा वर्षांनी नोकरी बदलली असती. तेव्हा त्यांचा पगार २,१०० होता. त्या तेरा वर्षांचे मिळाले असते १५,७५०. पुढची तेरा वर्षं दुसऱ्या कंपनीत काढून समजा तेवढ्याच पगारावर पोचले असते तर तिथले ७०,५००. दोन्ही मिळून ८६ हजार आणि वर थोडे. म्हणजे एकदाच गेट बदललं की पंचावन्न हजार गेले, २००३ चे पंचावन्न हजार. कारण शेवटच्या पगारावर सगळी वर्षं मोजतात, ती पहिली फुटकळ पगाराची वर्षं पण. वर कंपनीची बस, चाळीस पैशाचा चहा, आमच्या शाळेच्या फीला मदत, सोसायटीचं कर्ज, आणि सगळ्यात मोठं म्हणजे सिनियॉरिटी, जी दुसऱ्या गेटवर शून्य. एवढं सगळं असताना कोण वेडा सोडेल. मी पण नसती सोडली.

आणि सोडली कधी? कंपनीने सांगितलं तेव्हा. २००३ ला व्हीआरएस आली, म्हणजे ऐच्छिक निवृत्तीची योजना. नावात "ऐच्छिक" आहे पण ज्या खात्यात मशीनच उचलून नेली तिथे इच्छा कोणाची ते तुम्हीच ठरवा. बाबा एकोणपन्नास वर्षांचे होते. एकरकमी पैसे आले, ताईचं लग्न झालं, वरचा मजला बांधला, आणि सहा महिन्यांनी घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा बाबा एका वर्कशॉपला सुपरवायझर म्हणून लागले. दोन वर्षांनी ते बंद. मग दुसरीकडे स्टोअरमध्ये. तिथे मालकाच्या मुलाशी पटलं नाही, आठ महिन्यांत सोडलं. मग एका सिक्युरिटी एजन्सीत. मी त्या दिवशी मोजून दाखवलं, "बाबा, २००३ ते २००९, तीन नोकऱ्या. एक तर आठ महिन्यांची."

बाबा म्हणाले, "त्या बदलल्या नाहीत, बदलाव्या लागल्या."

आजोबांचं पण तेच ना. १९५८ ला परमनंट झाले, चोवीस वर्षं साच्यावर उभे राहिले, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणसं बाहेर पडली त्यात आजोबा पण. तो संप अधिकृतरीत्या मागे घेतलाच गेला नाही कधी. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर माझे आजोबा अजून संपावर आहेत. गावाला गेले, बाभळीखाली बसायचे, भोंग्याच्या वेळेला आपोआप उठायचे पहाटे, १९९४ ला वारले. एवढी निष्ठा ठेवून शेवटी हातात काय आलं तर एक पिशवी आणि वरची सुतळी. त्यामुळे "एका ठिकाणी टिका, कंपनी बघून घेईल" हे वाक्य आमच्या घरात तरी कोणी बोलू नये असं माझं मत आहे, पण सगळ्यात जास्त तेच बोललं जातं!

आता माझी कथा पटकन. २००५ ला कॅम्पसमधून लागले, टेस्टिंगला. तेव्हा फ्रेशरला वर्षाला पावणेतीन-तीन लाख, आणि सोनं तोळ्याला सात हजाराच्या आसपास होतं. भाच्याला तीन वर्षांपूर्वी कॅम्पसमध्ये मिळाले ३ लाख ६० हजार, आणि सोनं आता लाखाच्या केव्हाच वर गेलंय. हे एवढं एक वाक्य बाबांना समजावायला मला पंधरा मिनिटं लागली, ते म्हणत होते तुमचे पगार तर लाखात असतात.

आयटीत टिकलं तर वर्षाला पाच-सहा टक्के, उडी मारली तर तीस-चाळीस. हे सगळ्यांना माहितीये, एचआरला पण, मॅनेजरला पण, तो स्वतः उडी मारूनच इथे आलेला असतो. माझी तिसरी कंपनी मी चार वर्षं पाच महिने झाल्यावर सोडली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, सात महिने थांबले असते तर मिळाली असती. बेसिक ३८ हजार होता, बाबांच्या गणिताने काढलं तर १ लाख ९ हजार ६००. आणि नवीन ऑफर वर्षाला साडेचार लाखांनी जास्त होती. बाबांना तेव्हा हे कळलंच नव्हतं, ते दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हते, ग्रॅच्युइटी सोडली म्हणजे जणू मंगळसूत्र गहाण टाकलं. पण गणित तेच आहे हो, फक्त आकडे उलटे झालेत. त्यांच्या वेळी राहण्यात पैसा होता, माझ्या वेळी जाण्यात.

एक चूक मात्र मी केली ती सांगते, तरुण मंडळींनी वाचावं. पहिल्या कंपनीचा पीएफ मी काढून घेतला, लॅपटॉपसाठी. तेव्हा यूएएन, म्हणजे सगळ्या कंपन्यांना चालणारा पीएफचा एकच नंबर, नव्हता, तो २०१४ ला आला, त्याआधी प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा आणि ट्रान्सफरचा फॉर्म भरून वर्ष वर्ष वाट बघायची, म्हणून सगळेच काढायचे. पण त्यासोबत पेन्शनची सर्व्हिस पण गेली. ईपीएसच्या, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या, पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि माझी ती पहिली साडेतीन वर्षं मोजलीच जात नाहीत आता. आणि २०१२ ला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवडेच होती, सव्वीस आठवडे २०१७ ला झाली, घरी कोणी बघायला नव्हतं, मी चौदा महिने घरी. त्यानंतर प्रत्येक इंटरव्ह्यूत "हा गॅप कसला". मुलगी आता तेरा वर्षांची आहे तरी परवा एकाने विचारलं.

२०२१-२२ ला तर जत्राच होती. एक ऑफर हातात घेऊन दुसरी, दुसरी दाखवून तिसरी, नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा म्हणून तेवढ्यात चार ठिकाणी इंटरव्ह्यू. इन्फोसिसचा सोडून जाणाऱ्यांचा आकडा २०२२ च्या जून तिमाहीत २८.४ टक्के होता, टीसीएसचा त्याच वर्षी सप्टेंबर तिमाहीला २१.५. तेव्हा आमच्याकडे पण एक टाउनहॉल झाला, म्हणजे अख्ख्या कंपनीची मीटिंग, आणि त्यात एका बाईंनी स्लाइडवर दाखवलं की नवीन पिढी सरासरी किती थोडे महिने टिकते आणि जुनी किती वर्षं. मी टेस्टर आहे, मला असा चार्ट दिसला की खाज सुटते. चोवीस वर्षांच्या पोराची दहा वर्षं सर्व्हिस येणार कुठून, बाळंतविड्यात ऑफर लेटर ठेवलं होतं का? तुलना करायची तर आजच्या चोवीसची कालच्या चोवीसशी करा.

असा हिशोब अमेरिकेचं कामगार खातं ठेवतं, दर दोन वर्षांनी छापतं. तिथे २५ ते ३४ वयाची माणसं सध्याच्या नोकरीत किती वर्षं आहेत, त्याचा मधला आकडा १९८३ मध्ये ३ वर्षं होता. २०२२ मध्ये २.८. चाळीस वर्षांत फरक पडला अडीच महिन्यांचा!! आणि ती १९८३ ची पोरं आता सत्तरीत आहेत आणि नातवंडांना चिकाटी नाही म्हणून ओरडत असणार, हे मी पैजेवर सांगते. खरा आकडा पडलाय तो कोणाचा, तर वयस्क पुरुषांचा. ५५ ते ६४ वयाचे पुरुष १९८३ मध्ये १५.३ वर्षं एका जागी होते, आता दहाच्या आसपास. म्हणजे पोरं पूर्वीसारखीच फिरतायत, आधी फिरून झाल्यावर एका जागी बसायला खुर्ची मिळायची, ती खुर्ची काढून घेतली आहे. तिकडची गोष्ट आहे, इकडे जशीच्या तशी लावता येणार नाही मान्य, पण आजोबांचे चार पास बघितले की मला तरी पटते.

आणि कोण म्हणतं हल्लीच्या पोरांना टिकायचं नाहीये? मावशीचा धाकटा सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहतो, एमपीएससी, चौथं वर्ष. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर. ही सगळी नवीन पिढीच आहे ना? ती कशासाठी रांगेत उभी आहे? तीस-पस्तीस वर्षं एकाच कचेरीत बसायला मिळावं म्हणूनच की. आणि मार्च २०२३ ला राज्यातले सरकारी कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संपावर गेले ते पण त्यासाठीच, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, एक गुरुजी २००४ चे आणि एक २००६ चे, दोघं तेच शिकवतात. टिकण्याची किंमत सरकारने बदलली तर सरकारी माणूस पण रस्त्यावर येतो, मग खासगीतल्या पोराने पेपर टाकले तर काय एवढं.

एवढं सगळं मी बाबांना ऐकवलं, बऱ्यापैकी आवाज चढवून. भाचा खुश. ताई म्हणाली तू याला अजून बिघडव. आणि मग पेटी बंद करायच्या वेळेला वरचा मुलगा आला.

वरच्या मजल्यावर बाबांनी एक खोली भाड्याने दिली आहे, तिथे तीन पोरं राहतात, त्यातला हा परभणीचा, चाकणला एका कंपनीत लाइनवर आहे. पाण्याची मोटर लावा सांगायला आला होता. टीपॉयवरचे पास बघून थांबला, म्हणाला हे कसले. बाबांनी सांगितलं. तो म्हणाला, काका माझ्याकडे पण आहेत असले, आणि वर जाऊन घेऊन आला. गळ्यात अडकवायच्या दोरीसकट पाच गेटपास. पाच कॉन्ट्रॅक्टरची पाच नावं, पाच रंग. कंपनी एकच. लाइन एकच. तो म्हणतो स्टेशन पण तेच, मी साडेतीन वर्षं डाव्या बाजूचे दोन बोल्ट आवळतोय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरलं की कामगाराला काही हक्क येतात, काढायचं तर नोटीस द्या, नुकसानभरपाई द्या वगैरे. म्हणून सात-साडेसात महिने झाले की ब्रेक देतात. पंधरा-वीस दिवस घरी, मग नवीन कॉन्ट्रॅक्टर, नवीन पास, परत पहिला दिवस. एमआयडीसीत हे कोणाला सांगायची गरज नाही, "ब्रेक लागला" म्हणलं की समोरचा समजतो. त्याचा बायोडेटा बघितला तर साडेतीन वर्षांत पाच नोकऱ्या, आमच्या त्या टाउनहॉलच्या चार्टवर हा पोरगा अगदी चंचल दिसेल.

बाबा एकदम उत्साहात आले, कारण त्यांनी पेपरात वाचलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन कामगार संहिता लागू झाल्या ना, त्यात ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर पण ग्रॅच्युइटी आहे, पाच वर्षं थांबायला नको. बाबा त्याला समजावून सांगत होते, पंधरा भागिले सव्वीस. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काका, पण वर्ष होऊ देतात कुठं?"

बाबा गप्प झाले. त्यांनी ते पाच पास घेतले आणि आजोबांच्या चार पासांच्या खाली ओळीने लावले, तारखेप्रमाणे. चष्मा नीट केला. मला वाटलं आता काहीतरी भारी बोलणार, पण ते म्हणाले, "हे फेकायचे नाहीत. एकही. आमचे कागद तीस वर्षांनी मागितले." आणि भाच्याला म्हणाले वही आण. भाच्याकडे कुठली वही, त्याने मोबाइल काढला, यूएएन टाकून पासबुक उघडलं त्या पोराचं. पाच कॉन्ट्रॅक्टर, पासबुकात नावं चार. दुसऱ्याने पगारातून साडेसात महिने पीएफ कापला होता, स्लिपवर दिसतंय, आणि भरलेलाच नाही.

"स्लिपा आहेत सगळ्या?"

"दोन नाहीत."

"त्या शोध. बुधवारी तुझी कोणती पाळी?"

"सेकंड."

"मग सकाळी जाऊ पीएफ ऑफिसला. मी येतो, मला काय काम आहे." आणि भाच्याकडे वळून, "तू पण चल, नाहीतरी घरीच आहेस."

भाचा म्हणाला घरी नाहीये आजोबा, नोटीस पिरियड चालू आहे, नव्वद दिवस. बाबा म्हणाले मग रजा टाक. मी पेटी परत माळ्यावर ठेवायला उचलली तर आई म्हणाली राहू दे खाली, बुधवारनंतर ठेव, लागेल काहीतरी.